अर्धा सेकंद

“साहेब, हा घ्या. लग्नकार्यात हाच उठून दिसतो,” असं म्हणत दुकानदारानं खांद्यावर घ्यायचा भलामोठा कॅमेरा यांच्या हातात दिला. यांनीही तो लगेच खांद्यावर टेकवला, एक डोळा मिटला आणि समोरच्या काचेत स्वतःलाच बघायला लागले.

“तो नको,” मी म्हणाले. “पर्समध्ये मावेल असा दाखवा. आणि खेळाचं शूटिंग नीट येईल असा.”

दुकानदारानं बघितलं माझ्याकडं आणि उत्तर दिलं यांना. “लहान पण आहेत साहेब. पण मग चारचौघांना कळत नाही ना, शूटिंग चाललंय म्हणून.”

“चारचौघांना कळवायचं नाहीये. कॅमेरा मी वापरणार आहे. माझ्याशी बोला.”

हे खांद्यावरचा कॅमेरा न उतरवता हसले. “मॅडम म्हणतील तसं.”

मला त्या हसण्याचाही राग आला. तेव्हा मला कशाचाही राग यायचा.

दोन हजार चारची दिवाळी नुकतीच झाली होती. माझे धाकटे दीर शशिकांत यांचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्यासाठी घरात व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा ठरलं होतं. म्हणून आम्ही तिघं, मी, हे आणि आमची सातवीतली मुलगी केतकी, कराडहून कोल्हापूरला आलो होतो. लग्नाचं निमित्त होतं खरं, पण मला कॅमेरा हवा होता तो वेगळ्याच कामासाठी. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी पेपरच्या पुरवणीतलं एक कात्रण बरोबर आणलं होतं. ते काढून मी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. डिजिटल झूम किती ते सांगू नका, भिंगाचा खरा झूम किती ते सांगा. हात हलला तर चित्र थरथरतं का? कॅसेट कुठली लागते? दुकानदार आता जरा सरळ उभा राहिला.

“आणि टीव्हीवर लावल्यावर एकेक चित्र थांबवून पुढं नेता येतं का?”

“येतं की. पण ते कशाला लागतंय मॅडम?”

“लागतंय.”

मुठीत मावेल असा एक चंदेरी कॅमेरा घेऊन मी दुकानाबाहेर फूटपाथवर गेले. रस्त्यापलीकडे एक बाई एसटी पकडायला पळत होती. मी बटण दाबून तिला जवळ ओढली. तिच्या चपलेचा तुटका अंगठासुद्धा स्पष्ट दिसला. पळता पळता ती चित्रातून निसटली नाही. मला पाहिजे होता तो हाच.

आत आले तर केतकी काउंटरच्या काचेवर ओणवी होऊन आतले कॅमेरे बघत होती आणि तिच्यामुळं दुकानदाराला कपाट उघडता येत नव्हतं.

“केतकी, बाजूला हो.”

ती हलली नाही.

“केतकी! त्यांना काच उघडू दे.”

ढिम्म. मी तिच्या दंडाला धरून ओढलं तेव्हा दचकून तिनं वर बघितलं. “काय?”

या “काय?”नं मी रोज पेटायचे. हाक मारा, “काय?” काही सांगा, “काय?” तेच हे दाराजवळून, वर न बघता, घशातल्या घशात म्हणाले, “केतू, पिशवी घे गं,” तर ही लगेच वळली आणि पिशवी उचलली.

बापाचं ऐकायचं, आईचं नाही. असंच चाललं होतं दोन-तीन वर्षं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माझ्या वर्गात पंचेचाळीस पोरं असायची आणि माझा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. मागच्या बाकावरचं पोर उपाशी आलंय की मार खाऊन आलंय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, असं मी अभिमानानं सांगायचे. मुख्याध्यापकही म्हणायचे, अडलेलं पोर थोरवडे बाईंच्या वर्गात बसवा. आणि घरी माझीच पोरगी मला मोजत नव्हती. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, म्हणून सांगून जावं, तर येईपर्यंत डाळ करपलेली. “शिट्ट्या झाल्याच नाहीत,” असं तोंड वर करून सांगायची. जिन्यात हाक मारली तरी ही वळली नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी दोनदा हसून विचारलं होतं, “मुलगी रागावलीय वाटतं तुमच्यावर?”

एका गोष्टीत मात्र तिचं चित्त असायचं. पळण्यात. शंभर मीटरला तिच्या वयाच्या मुली तिच्या आसपास फिरकत नव्हत्या. म्हणजे शेवटच्या साठ मीटरला. सुरुवातीला ती सगळ्यांच्या मागून सुटायची. तिचे खेळाचे शिक्षक इंगवले सर मला रस्त्यात गाठून सांगायचे, “बाई, पोरीत दम आहे हो. पण सुरुवातीला झोपती. अर्धा सेकंद तिथंच घालवती. लक्ष नाही. तुम्ही जरा घरी बघा.”

मला शिक्षकांनी सांगावं, की तुमच्या मुलीचं लक्ष नाही! मी ठरवलं, हे हिला हिच्या डोळ्यांनीच दाखवायचं. टीव्हीवर चित्र थांबवायचं आणि म्हणायचं, ही बघ बाकीच्या सात पळाल्या, आणि ही बघ तू, झोपलेली. त्यासाठी मला कॅमेरा हवा होता.

*

शशिकांत भाऊजींची हळद आमच्या गावी झाली. मांडवात हलगी वाजत होती, बायकांची झुंबड उडाली होती आणि कॅमेरा माझ्या हातात होता. पहिल्या अर्ध्या तासात यांनी सगळ्यांचे पाय आणि मांडवाचं छत चित्रित करून ठेवलं होतं, त्यामुळं कुणी काही न बोलता तो माझ्याकडं आला होता.

केतकी हळदीचं ताट घेऊन भाऊजींकडं निघाली. हिरवं परकर-पोलकं, केसांत गजरा. खरंच गोड दिसत होती. मला तिचा चेहरा हवा होता.

“केतकी, इकडं बघ!”

ती चालत राहिली.

“केतकी, इकडं! कॅमेऱ्याकडं!”

आता दोन-चार बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी तिसऱ्यांदा ओरडले. चौथ्यांदा ओरडले तेव्हा माझा आवाज फाटला. केतकीनं ताट भाऊजींपुढं ठेवलं आणि तशीच पाठ करून दुसऱ्या बाजूनं निघून गेली. सासूबाई माझ्यामागंच बसल्या होत्या. शेजारच्या बाईला म्हणाल्या, आणि मला ऐकू जावं अशाच म्हणाल्या, “मास्तरीण गावाच्या पोरांना वळण लावती. घरात कुणी विचारत नाही.”

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी मांडवाच्या मागं गेले. तिथं पाण्याच्या पिंपाजवळ केतकी हात धूत होती. मी तिला खांद्याला धरून वळवलं आणि थोबाडीत दिली.

ती रडली नाही. गालावर ओला हात ठेवून माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मग काहीतरी बोलली. हलगीच्या आवाजात मला ते नीट कळलं नाही, पण उलट उत्तरच असणार हे धरून मी तिला गप्प केलं आणि निघून आले.

त्यानंतर लग्न होईपर्यंत ती यांच्या मागंमागं राहिली. मीही तिच्याशी बोलले नाही.

*

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा डिसेंबरात साताऱ्याला होत्या. मी रजा टाकून गेले. हळदीच्या कॅसेटवर शेवटी थोडी जागा उरली होती, म्हणून तीच कॅमेऱ्यात घातली. पहिले दोन नंबर पुढं विभागीय स्पर्धेला जाणार होते.

सकाळी शर्यती सोडायला पिस्तूल होतं. पण त्यातल्या टिकल्या दमट निघाल्या, तिसऱ्या शर्यतीला ते वाजलंच नाही, आणि मग पंचांनी सगळं शिट्टीवर चालवलं. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. शाळाशाळांत रोज सराव शिट्टीवरच होतो.

शंभर मीटरच्या अंतिम फेरीत केतकी चौथ्या लेनमध्ये होती. मी बाजूच्या कठड्याशी, सुरुवातीच्या रेषेच्या थोडी पुढं उभी राहिले. झूम पूर्ण ओढला. तिचा चेहरा, खाली टेकलेली बोटं, घट्ट मिटलेले ओठ, सगळं माझ्या मुठीतल्या त्या छोट्या पडद्यावर होतं. मग आठही जणी मावतील एवढा झूम मागं घेतला.

शिट्टी वाजली. सात जणी सुटल्या. मग ही सुटली.

ती पळाली मात्र अशी की कठड्यावरची अनोळखी माणसंही ओरडायला लागली. एकेकीला मागं टाकत गेली. आणखी पाच मीटर मिळाले असते तर दुसरी आली असती. तिसरी आली.

इंगवले सर माझ्यादेखत तिच्यावर बरसले. “वर्षभर काय सांगतोय मी? शिट्टीवर सुटायचं! कानात बोळे घालून येतीस का?” ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती आणि सरांच्या तोंडाकडं बघत होती. मी मध्ये पडले नाही. मला वाटलं, बोलू देत. माझ्या मनातलंच बोलत होते ते.

परतीच्या वाटेवर मी तिला एवढंच म्हणाले, “घरी चल. तुला दाखवतेच.”

*

संध्याकाळी हे कारखान्यातून आले होते. चहा झाला होता. मी टीव्हीला तीन रंगांच्या वायरी जोडल्या आणि केतकीला समोर जमिनीवर बसवलं. यांनी विचारलं, “आजच कशाला? दमलीय ती.”

“आजच. तुम्ही पण बसा.”

मी शर्यत लावली, आवाज वाढवला आणि सुरुवातीला चित्र संथ केलं. मुली खाली वाकल्या. पाठी वर उचलल्या गेल्या. चौथ्या लेनमध्ये केतकी. आणि मी थांबवलं.

“बघ! बघ, मान कुठं आहे तुझी!”

सगळ्या मुली खाली किंवा समोर बघत होत्या. केतकीची मान उजवीकडं वळली होती. पाचव्या लेनमधल्या मुलीच्या पायांकडं ती बघत होती.

“काय बघतीयस तिकडं? काय आहे तिथं?”

“तिचे पाय,” केतकी म्हणाली.

“कशाला?”

“ते हलले की पळायचं.”

“तिचे पाय हलले की? शिट्टी कशाला असते मग?”

मी कॅसेट थोडी मागं नेऊन साध्या वेगानं चालू केली. शिट्टीचा कर्कश आवाज घरभर घुमला. मी म्हणाले, “ही वाजली. आता का नाही सुटलीस?”

“कधी वाजली?”

मी मागं नेलं. पुन्हा लावलं. “आता!”

“कधी?”

“तोंड वर करून मला उलट विचारतीस?” मी उठले. माझा हातही उठला होता. खरं सांगायचं तर तो खाली आलाच असता. पण केतकी टीव्हीकडं बघत नव्हती आणि माझ्या हाताकडंही बघत नव्हती. ती माझ्या ओठांकडं बघत होती. एवढा हात उगारलेला असताना, डोळ्यांची पापणी न हलवता, माझ्या ओठांकडं.

मी हात खाली घेतला. का कोण जाणे, मला भीती वाटली. ती झटकून टाकावी म्हणून मी पुन्हा रिमोट घेतला आणि शर्यत परत लावायला कॅसेट मागं नेली. या खेपेला ती जास्तच मागं गेली.

पडद्यावर अंगणातली माती दिसायला लागली. ती हलत होती. मग पाण्याचं पिंप, वाकडं. हलगीचा आवाज. मला आधी कळेचना की हे काय आहे. हळदीच्या दिवशी मांडवामागं जाताना मी कॅमेरा बंद करायला विसरले होते. माझ्या मनगटाला लटकून तो सगळं टिपत होता.

थोबाडीत बसल्याचा आवाज आला. हे खुर्चीतून अर्धे उठले.

मग केतकीचा आवाज. मांडवामागं मला जो कळला नव्हता, तो कॅमेऱ्यानं हलगीच्या गोंगाटातून अगदी जवळून पकडला होता.

“आई, मला नाही गं ऐकू आलं.”

आणि लगेच माझा. “गप्प! एक शब्द बोलू नकोस.”

त्यानंतर हिरवळ, कठडा, सातारा. मी टीव्ही बंद केला.

“तू मारलंस तिला? हळदीला?” हे म्हणाले. मी केतकीच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “केतकी.”

तिची मान हलली नाही.

“केतकी,” मी आवाज चढवला.

ती बोटानं सतरंजीचा दोरा ओढत होती.

यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. त्यांनी तिच्या मागूनच, नेहमीच्या त्या जाड, खालच्या आवाजात म्हटलं, “केतू.”

ती वळली. “काय बाबा?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले नाही. सरळ इंगवले सरांच्या मैदानावर गेले. रात्रभराचा राग कुणावर तरी ओतायला मला माणूस हवा होता. पोरं रांगेत उभी होती, सरांच्या गळ्यात शिट्टी होती. मी पोरांसमोरच सुरुवात केली.

“माझ्या मुलीला शिट्टी ऐकू येत नाही. तीन वर्षं तुम्ही तिला शिट्टीवर पळवताय, आणि तीन वर्षं म्हणताय, लक्ष नाही! कानात बोळे म्हणता? मैदानावर सगळ्यांपुढं? तुम्हाला कळलं कसं नाही? खेळ शिकवता की गुरं वळता?”

सरांनी पोरांना पाण्याला पाठवलं. मग शिट्टीची दोरी गळ्यातून काढून खिशात घातली.

“ऐकू येत नाही?”

“नाही.”

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “मला कळायला पाहिजे होतं.” मग आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, “पण बाई, माझ्यापुढं रोज साठ पोरं असतात. तुमच्या घरात माणसं किती?”

“तीन,” मी म्हणाले.

मी मागं फिरले. येताना रस्त्यात एक रिक्षा माझ्या अंगाशी घासून गेली, तर मी त्या रिक्षावाल्याला जे बोलले ते आता सांगायलाही लाज वाटते.

*

साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टर बेंद्रे मॅडमनी केतकीला काचेच्या खोलीत बसवून, कानांना यंत्र लावून तपासलं. मी आणि हे बाहेरून बघत होतो. आवाज आला की तिनं हात वर करायचा होता. सुरुवातीला तिचा हात भराभर वर जात होता. मग उशिरा जायला लागला. मग कितीतरी वेळ गेलाच नाही, आणि ती शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली.

मॅडमनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं वर होती आणि उजवीकडं जाता जाता उतरत पार खाली गेली होती.

“हिला जाड आवाज बरे ऐकू येतात. ढोल, गाडी, पुरुषांचं बोलणं. बारीक, तीक्ष्ण आवाज येत नाहीत. शिट्टी नाही, घंटा नाही. बायकांचं बोलणं अर्धंमुर्धं. स, श, त असले वर्ण गळूनच जातात. उरलेलं ती ओठांवरून जुळवते. हुशार आहे म्हणून इतकी वर्षं निभावलं.”

“मी तर मोठ्यानं बोलते,” मी म्हणाले. “मी शिक्षिका आहे. माझा आवाज मोठा आहे.”

“मोठा असेल. पण चिडून आवाज चढवला की तो बारीक होतो, आणि शब्द फाटतात. तुम्ही ओरडताय एवढं तिला कळत असेल. काय म्हणताय ते नाही कळायचं.”

हे खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी खुर्चीच्या कडेला धरून बसले होते. मला त्या बाईचा राग आला, त्या रेघेचा राग आला. मी विचारलं, “हे झालं कशानं?” नक्की सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. लहानपणीच्या तापानं असेल, जन्मापासून हळूहळू वाढत गेलं असेल. नस आहे, औषधानं बरी होणार नाही, पण यंत्रानं पुष्कळ ऐकू येईल.

मग त्या केतकीकडं वळल्या, तिला आपला चेहरा नीट दिसेल अशा बसल्या आणि सावकाश विचारलं, “बाळ, तुला स्वतःला कधी कळलं?”

“तिसरीत.”

“एवढ्या लवकर? मग कुणाला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं.”

“कुणाला?”

केतकीनं माझ्याकडं बोट केलं नाही. नुसतं बघितलं. “आईला.”

“कधी?” मी म्हणाले. “खोटं बोलू नकोस. कधी सांगितलंस?”

“तू पेपर तपासत होतीस. सहामाहीचे. मी म्हटलं, बाई लांबून बोलल्या की मला कळत नाही. तू म्हणालीस, पुढच्या बाकावर बस, आणि लक्ष दे, आणि नाटकं करू नकोस.” तिचा आवाज सपाट होता, पाढे म्हणावेत तसा. “मग मी पुढच्या बाकावर बसायला लागले. चौथीत परत सांगितलं. तू म्हणालीस, परत तेच का. म्हणून मग नाही सांगितलं.”

मॅडम आपल्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या.

मला आठवत नव्हतं. ना तिसरीतलं, ना चौथीतलं. मी खूप आठवून बघितलं, तेव्हाही आणि नंतर कितीदा तरी. सहामाहीचे पेपर आठवतात, लाल शाई आठवते, त्या वर्षी कोण पोरगा गणितात पहिला आला ते आठवतं. ती येऊन उभी राहिलेली आठवत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. “परत तेच का” हे शब्द माझेच होते. वर्गात मी ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

पुढं सगळं मार्गी लागलं. केतकीच्या दोन्ही कानांना यंत्रं आली. इंगवले सरांनी शिट्टीबरोबर लाल रुमाल खाली टाकायची पद्धत सुरू केली, आणि स्पर्धेच्या पंचांशी स्वतः भांडून तशी परवानगी काढली. पुढच्या वर्षी केतकी जिल्ह्यात पहिली आली आणि राज्यात पाचवी. आज ती बत्तीस वर्षांची आहे, नाशिकला असते, एका कंपनीत नकाशे काढायचं काम करते, आणि रविवारी व्हिडिओवर फोन करते. आमचं बोलणं होतं. बरं होतं. सासूबाई शेवटी तिच्याच हातून औषध घ्यायच्या.

पण त्या दिवशी साताऱ्याहून परत येतानाचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

हे साताऱ्यातच थांबले, यंत्राचं बघायला. मी आणि केतकी एसटीत बसलो. ती खिडकीशी, मी तिच्याशेजारी. नागठाणे गेल्यावर मी तिच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा माझ्याकडं वळवला आणि म्हणाले, “केतकी, माझं चुकलं.”

तिनं माझ्या ओठांवरून ते वाचलं. मान हलवली. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही. मी सांगायला लागले. की शाळेत किती काम असतं, घरी आलं की स्वयंपाक, गावी सासूबाईंचं, लग्नाची धावपळ, मला तरी कोण होतं, तूसुद्धा जरा ठामपणे सांगायचं होतंस, हात धरून सांगायचं होतंस, एखादं पोर असं गप्प बसतं का, मी काय तुझी वैरीण होते का. बोलता बोलता माझा आवाज चढला असणार, कारण पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून बघितलं.

केतकी माझ्या ओठांकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. मी तिच्या चेहऱ्यावर तो पहिल्यांदाच बघत होते, आणि तो इतका माझ्यासारखा होता की मी वाक्य अर्धवट सोडलं.

“केतकी, ऐक,” मी म्हणाले.

तिनं सावकाश मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आता माझा एक शब्दही तिला कळणार नव्हता. ते तिला माहीत होतं, आणि मलाही.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं खांदा काढून घेतला.

अतीत गाव गेलं. उंब्रज गेलं. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, ती त्या एकेक बघत होती. कराडच्या स्टँडवर गाडी थांबून माणसं उतरायला लागली तरी ती तशीच पाठ करून बसून राहिली. उतरायचं होतं, उशीर होत होता, कंडक्टर चला चला म्हणत होता.

मी हाक मारली नाही. पिशवी मांडीवर घेऊन, ती वळेपर्यंत बसून राहिले.